नळ कोरडा असतो तेव्हा

मुंबईच्या बहुतेक भागांत नळाला पाणी दिवसातले काही तासच असतं. चावीवाल्याने व्हॉल्व्ह फिरवला की एका गल्लीचं पाणी सुटतं, दुसरीचं बंद होतं. बंद झालेल्या जलवाहिनीतला दाब उतरत जातो. सखल भागातले नळ आणि लाइनला थेट लावलेल्या मोटरी उरलंसुरलं पाणी ओढून घेतात. आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाला की गळतीची दिशाच उलटते. गंजलेल्या सांध्यातून एरवी पाणी बाहेर झिरपत असतं, त्याच भोकातून आता भोवतीचं पाणी आत शिरतं. शेजारून गटार किंवा मलवाहिनी जात असेल, तर तिथलं पाणीही. पुढच्या वेळी पाणी सुटलं की हे सगळं पहिल्या लोंढ्याबरोबर घरोघर पोचतं.

हे मोजून पाहिलेलं आहे. हुबळी-धारवाडमध्ये काही वस्त्यांना चोवीस तास पाणी मिळायचं, बाकीच्यांना ठरावीक वेळी. संशोधकांनी दोन्हीकडच्या नळांचे नमुने तपासले. विष्ठेतल्या ई. कोलाय जिवाणूचा माग चोवीस तासवाल्या वस्त्यांत १ टक्क्याहूनही कमी नमुन्यांत लागला, ठरावीक वेळच्या वस्त्यांत सुमारे ३२ टक्के नमुन्यांत. पाणी शुद्ध करूनच सोडलं होतं, बिघडलं ते वाटेत.

मुंबईच्या पाण्याची वाट तर फारच लांब. विहार (१८६०), तुळशी आणि तानसापासून अलीकडच्या मध्य वैतरणापर्यंत सात तलाव, त्यांतले पाच शहरापासून दूर डोंगराळ भागात. विहार आणि तुळशी हे दोन बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आहेत, आणि पाणलोटातलं हे जंगल जपणं ही दूषित पाण्याविरुद्धची पहिली तयारी. पुढे भांडुप आणि पांजरापूरच्या केंद्रांत पाण्यात तुरटीच्या जातीची रसायनं घालून गाळ खाली बसवतात, पाणी वाळूच्या थरांतून गाळतात आणि मग क्लोरीन देतात. या क्रमाला अर्थ आहे. गढूळ पाण्यात मातीच्या कणांआड जंतू लपून राहतात आणि क्लोरीनचा बराचसा भाग त्या घाणीशी झगडण्यातच संपतो.

केंद्रावरही संकट येऊ शकतं. १८ जुलै २०२१ रोजी मुसळधार पावसाचं पाणी भांडुप संकुलात शिरलं, विजेची यंत्रणा बंद करावी लागली, गाळणी आणि पंप थांबले. शहराच्या मोठ्या भागाचा पुरवठा कोलमडला आणि पाणी उकळून प्या, असं महापालिकेने सांगितलं. सूचना लगेच दिली गेली हे मला महत्त्वाचं वाटतं. कारण पाण्याच्या बाबतीत पुरावा नेहमी उशिरा येतो.

नियम असा की १०० मिलिलिटर पाण्यात एकही ई. कोलाय सापडता कामा नये. पण ते तपासायला प्रयोगशाळेत जिवाणू वाढू द्यावे लागतात आणि निकाल साधारण दुसऱ्या दिवशी हाती येतो. तोवर पाणी पिऊन झालेलं असतं. म्हणून सगळा भरवसा उरलेल्या क्लोरीनवर. केंद्रात दिलेल्या क्लोरीनपैकी थोडा नळापर्यंत शिल्लक राहावा, अशा बेताने मात्रा ठरवतात. भारतीय मानकानुसार नळापाशी दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम, विषाणूंची भीती असेल तेव्हा ०.५. तपासणी अगदी सोपी आहे. ओटी चाचणीत थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, डीपीडी चाचणीत गुलाबी. रंग आलाच नाही, तर क्लोरीन कशावर तरी खर्च झालाय. पाणी लाइनमध्ये फार वेळ पडून राहिल्यानेही असं होतं, पण कालपर्यंत रंग येत होता आणि आज नाही, तर लाइनमध्ये काहीतरी शिरलंय असंच धरून चालायचं.

क्लोरीनच्या मर्यादा मात्र दिल्लीने १९५५-५६ मध्ये फार मोठी किंमत देऊन पाहिल्या. पुरानंतर यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी वझीराबाद जलशुद्धीकरण केंद्राच्या उपशाच्या जागेपर्यंत उलटं आलं. केंद्रातल्या लोकांच्या ते लक्षात आलं, त्यांनी क्लोरीन वाढवला. विषमज्वर वाढला नाही, कारण त्याचे जिवाणू मेले. काही आठवड्यांनी सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. आज आपण ज्याला हिपॅटायटिस ई म्हणतो, तो विषाणू त्या गढूळ पाण्यात क्लोरीनला पुरून उरला होता. सांडपाणी आत येऊ न देणं, गढूळपणा आधी काढणं आणि मग क्लोरीन, यातलं एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

गल्लीत दूषित पाण्याची तक्रार आली की खरं शोधकाम सुरू होतं. नमुना आधी सोसायटीच्या खालच्या टाकीत पाणी पडतं तिथून घेतात, मग टाकीतून. आत येणारं पाणी चांगलं आणि टाकीतलं वाईट असेल, तर दोष टाकीचा. येणारंच वाईट असेल, तर घरोघर क्लोरीन तपासत जायचं आणि तो कुठे शून्यावर येतो ते नकाशावर मांडायचं. बाधित घरं बहुधा एकाच लाइनवर निघतात. मग खड्डे घेऊन बघतात. गटारातून गेलेली जुनी सर्व्हिस लाइन, कुणी वापरत नसलेली पण कापलीच न गेलेली जोडणी, रस्त्याच्या कामात बसलेला घाव, अशी कारणं सापडतात. तुकडा बदलायचा, लाइन जास्त क्लोरीनच्या पाण्याने धुवायची, ते पाणी सोडून द्यायचं आणि पुन्हा नमुने घ्यायचे. या काळात वस्तीला टँकरने पाणी द्यावं लागतं.

तक्रार करणारा माणूस या यंत्रणेतला सगळ्यात जवळचा मापक आहे, असं मी मानतो. महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर किंवा विभाग कार्यालयात कळवताना ‘पाणी खराब येतंय’ एवढंच सांगून थांबू नये. वास कशाचा, पहिली पाच-दहा मिनिटंच की शेवटपर्यंत, कधीपासून, शेजारच्या चाळीतही तसंच का, हे सांगितलं तर खड्डा कुठे घ्यायचा ते लवकर ठरतं. फक्त सुरुवातीचं पाणी घाण असेल, तर शिरकाव पाणी बंद असताना होतोय, हे त्यातूनच कळतं.

जंतूंचा संशय असेल तर पाणी चांगलं खळखळून उकळल्यावर निदान एक मिनिट तसंच उकळत ठेवावं. रसायनांवर हा उपाय चालत नाही, उलट पाणी आटून काही रसायनं दाट होतात. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात एल्क नदीत कोळसा धुण्याचं एक रसायन गळलं आणि नळाच्या पाण्याला ज्येष्ठमधासारखा वास येऊ लागला. तिथल्या सुमारे ३ लाख लोकांना पिऊ नका, त्यात स्वयंपाक करू नका, अंघोळही करू नका, असं सांगितलं गेलं. म्हणून रॉकेलचा, रंगाचा किंवा अनोळखी वास आला तर ते पाणी उकळायला न ठेवता आधी कळवावं.

दुरुस्तीनंतरही एक काम उरतं आणि ते सोसायटीचं असतं. जलवाहिनी स्वच्छ झाली तरी आधी आलेलं पाणी खालच्या आणि गच्चीवरच्या टाकीत तसंच असतं, नवं चांगलं पाणी त्यातच मिसळत राहतं. दोन्ही टाक्या पूर्ण रिकाम्या करून, घासून, टीसीएलच्या (ब्लीचिंग पावडरच्या) पाण्याने धुऊन घ्याव्यात आणि घरातले सगळे नळ काही वेळ सोडून मधल्या पाइपांतलं जुनं पाणी काढून टाकावं. त्यानंतर घेतलेला नमुना चांगला येईपर्यंत उकळणं चालू ठेवावं.