बर्गनचं ब्रिग्गेन: सुक्या माशाने उभं केलेलं बंदर

नॉर्वेतल्या बर्गनला जाणाऱ्यांचा एक दिवस साधारण ठरलेला असतो. सकाळी ब्रिग्गेनची, म्हणजे जुन्या धक्क्यावरची, रंगीत लाकडी घरं, मग मासळी बाजार, दुपारी फ्लोइबानेन या दोराने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेतून डोंगरावर, आणि मधे कधीतरी पाऊस. फोटो सगळ्यांचे सारखेच येतात. पण ती घरं एवढी अरुंद, लांबलचक आणि एकमेकांना खेटून का आहेत हे आधी माहीत असेल ना, तर तोच दिवस फार वेगळा जातो, म्हणून हे लिहितेय.

सुरुवात माशापासूनच करायला लागते. उत्तरेकडे लोफोटेन बेटांजवळ हिवाळ्यात कॉड येतो, तो मीठ न लावता लाकडी मांडवांवर टांगतात, आपल्याकडे वलांडीवर बोंबील घालतात ना तसंच, फक्त तिथे कडक ऊन नाही, थंड वाराच तो सुकवतो. काही महिन्यांत मासा लाकडासारखा टणक होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. युरोपात ख्रिश्चनांच्या उपासाला मांस चालायचं नाही पण मासा चालायचा, त्यामुळे गिऱ्हाईक कायमचं. नॉर्वेला मात्र धान्य कमी पडायचं. मग ल्युबेककडचे जर्मन व्यापारी धान्य घेऊन यायचे आणि सुका मासा घेऊन जायचे, आणि हा सगळा सौदा व्हायचा बर्गनच्या धक्क्यावर.

शहराची स्थापना १०७० ची मानतात, राजा ओलाव किर्रेने केलेली. हॅन्सा संघाच्या, म्हणजे ल्युबेकसारख्या उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांच्या संघाच्या, व्यापाऱ्यांनी इथे आपली पेढी थाटली ती १३६० च्या सुमारास, आणि ती चालली थेट १७५४ पर्यंत. जवळजवळ चारशे वर्षं! त्यांच्या चिन्हात अर्धा गरुड आहे आणि शेजारी डोक्यावर मुकुट घातलेला सुका मासा, मला तर अख्ख्या बर्गनचा इतिहास त्या एका चित्रात दिसतो.

आता घरांचं. प्रत्येकाला जहाज लागायला थोडा तरी धक्का हवा होता, म्हणून पाण्याकडे तोंड अरुंद आणि घर मागे मागे लांब वाढत गेलेलं, दोन ओळींमधे लाकडी फळ्यांचा बोळ. तिथे शिकाऊ पोरं जर्मनीहून यायची, लग्नाला बंदी, आणि आगीच्या भीतीने राहत्या घरात चूल पेटवायचीच नाही. त्या थंडीत! स्वयंपाक, जेवण, ऊब घेणं, सगळं मागच्या बाजूला वेगळ्या बांधलेल्या खोल्यांमधे, त्यांना श्योटस्टुएने म्हणतात, त्या आजही बघता येतात आणि माझं ऐकाल तर त्या अजिबात चुकवू नका. शेजारच्या मारियाकिर्केनमधे जरूर जा, बाराव्या शतकातलं दगडी चर्च, १४०८ पासून साडेतीनशे वर्षं ते या जर्मन मंडळींकडेच होतं.

एवढी काळजी घेऊनही आग लागायचीच. १७०२ मधे सगळं ब्रिग्गेन जळालं, आणि लोकांनी ते परत जुन्याच जागी, जुन्याच आखणीवर, लाकडातच बांधलं. म्हणजे आज दिसतात ती घरं मध्ययुगातली नाहीत, पण आराखडा मध्ययुगातलाच आहे. १९४४ च्या २० एप्रिलला स्फोटकं भरलेलं एक डच जहाज बंदरात फुटलं, दीडशेच्या वर माणसं गेली, किल्ल्यातला १२६१ चा हाकोन राजाचा दगडी दरबार हॉल जळाला, तो नंतर पुन्हा उभा केला. १९५५ मधे परत आग लागली आणि ब्रिग्गेनचा मोठा भाग गेला.

पण त्या राखेखाली खोदल्यावर जे सापडलं ते बघून मला खरंच भरून आलं. शेकडो लाकडी तुकडे, त्यांच्यावर चाकूने कोरलेली रुनिक, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतली, अक्षरं. कोणाचा माल कुठला ते दाखवणारी नावं, प्रार्थना, प्रेमाचे निरोप, आणि एका तुकड्यावर एवढंच: गीदा सांगतेय, घरी जा. कोणीतरी बसला असणार गप्पा मारत आणि घरून हा निरोप आला. तोवर रुनिक लिपी म्हणजे मुख्यतः स्मारकांच्या दगडांवरची असं चित्र होतं, ब्रिग्गेनने दाखवलं की साधी माणसं रोजच्या कामाला ती वापरत होती. यातलं बरंच काही शेजारच्या ब्रिग्गेन म्युझियममधे आहे.

उरलेली घरं १९७९ मधे युनेस्कोच्या यादीत गेली. बोळात शिरलात की भिंती, दारं, जिने तिरके दिसतील. खालचं लाकूड ओल्या जमिनीत असेपर्यंत टिकतं, भूजल खाली गेलं की हवा लागून कुजतं आणि घर खचतं, म्हणून तिथे जमिनीखालचं पाणी टिकवून धरायचं काम केलंय. फ्लोइबानेन १९१८ ची, वरून सगळं बंदर दिसतं, पण आधी बोळातल्या त्या फळ्यांवरून एकदा हळूहळू चाला.