ई-पुस्तकांचे फॉरमॅट रूपांतर

ई-पुस्तकाची फाइल एका फॉरमॅटमधून दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून घेणे, उदा., पीडीएफचे ईपब करणे. विद्यार्थ्याच्या हातात जे उपकरण असेल त्यावर मजकूर नीट वाचता यावा, हा यामागचा नेहमीचा हेतू.

अडोबीने १९९३ मध्ये आणलेल्या पीडीएफमध्ये पान छापल्यासारखे पक्के असते. कोणते अक्षर पानावर कुठे बसवायचे, हे त्या फाइलला चोख ठाऊक. परिच्छेद कुठे संपला याची तिला बहुधा खबर नसते. त्यामुळे बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवलेले पाठ्यपुस्तक संगणकावर देखणे दिसते, पण मोबाइलवर ओळ वाचायला पान डावी-उजवीकडे सरकवत बसावे लागते. २००७ मध्ये प्रमाणित झालेले ईपब म्हणजे झिप करून ठेवलेले छोटे संकेतस्थळच. प्रकरणे एक्सएचटीएमएल या वेबपानांच्या भाषेत, मांडणी सीएसएस या वेबपानांच्या सजावटीच्या भाषेत, चित्रे वेगळी. अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने जुळतात.

या कामासाठी कॅलिबर हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर सर्वत्र परिचित आहे. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सोनीच्या वाचनयंत्रासाठी ते लिहायला घेतले. ईपबचे मोबी किंवा एझेडडब्ल्यू३, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या किंडल वाचनयंत्राचे फॉरमॅट, करणे त्यात चुटकीसरशी होते. किंडलसाठी तेही आता सहसा करावे लागत नाही, कारण ‘सेंड टू किंडल’ सेवा २०२२ पासून ईपब थेट स्वीकारते.

मराठी पुस्तकाची खरी कसोटी पीडीएफमधून मजकूर बाहेर काढताना लागते. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तशी पीडीएफ कॅलिबरला दिली की हाती रोमन अक्षरांची खिचडी येते. आधी फॉन्ट कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, आणावा लागतो. तिथेही क्रम आडवा येतो. जुन्या फॉन्टात ‘दिवस’मधली वेलांटी ‘द’च्या आधी आणि ‘धर्म’मधला रफार ‘म’च्या नंतर साठवतात, युनिकोडमध्ये नेमके उलट. कन्व्हर्टर कच्चा असला की पानोपानी ‘धमर्’ आणि ‘कमर्’ भेटतात. ही चूक निदान डोळ्यांत खुपते. काही वेळा आडव्या ‘र’साठी घातलेले अदृश्य जोडचिन्ह रूपांतरात गळते आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो, दोन्ही शब्द शुद्ध असल्याने शुद्धलेखन तपासनीस गप्प राहतो.

स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तर मजकूरच नसतो, नुसती छायाचित्रे. टेसरॅक्टसारखे ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर, मराठी ओळखते, तरी अनुस्वार गळतात, ‘घ’चा ‘ध’ होतो. मुद्रितशोधनाला पर्याय नाही. गणिताची पुस्तके पीडीएफमध्येच ठेवलेली बरी, कारण अपूर्णांक आणि समीकरणे हमखास विस्कटतात. मूळ वर्ड फाइल मिळाली, तीही शीर्षकांना हेडिंग स्टाइल लावलेली, तर निम्मी कटकट वाचते. मराठी विकिस्रोतावरील पुस्तके थेट ईपबमध्ये उतरवता येतात.

डीआरएमचे, म्हणजे नक्कल रोखणारे डिजिटल, कुलूप लावलेली पुस्तके कॅलिबर रूपांतरित करत नाही. प्रताधिकार कायद्यात मात्र २०१२ च्या दुरुस्तीने अपंग वाचकांसाठी सुलभ प्रती करण्याची मुभा दिली आहे, आणि याच विषयावरील माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारत होता. दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा स्क्रीन रीडर, म्हणजे मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, फाइलमध्ये असेल तेच वाचतो, ‘धमर्’सुद्धा, नुसत्या छायाचित्रांच्या पानावर त्याला वाचायला काहीच सापडत नाही.