तोलयंत्रणा आणि चक्कर

तोलयंत्रणा : शरीराचा तोल आणि नजरेचे स्थैर्य सांभाळणारी अंतर्कर्णातील संवेदन यंत्रणा. ऐकण्यासाठी लागणाऱ्या शंखाकृती भागाला लागूनच, कानामागच्या कठीण हाडात, दोन्ही बाजूंना ती एकेक असते. तिच्यात बिघाड झाला की भोवतालचे सगळे गरगरू लागते. नागपुरात मात्र चक्कर आली की दोष आधी उन्हाला दिला जातो, मग ‘बीपी’ला आणि एक्स-रे काढलाच तर मानेच्या मणक्याला. कानाचा नंबर बहुधा शेवटी लागतो.

प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका एकमेकींशी जवळपास काटकोनात असतात. डोके वळले की आतला द्रव क्षणभर मागे रेंगाळतो, त्याने संवेदी पेशींवरचे केसासारखे तंतू वाकतात आणि आठव्या मस्तिष्क तंत्रिकेतून मेंदूला खबर जाते. शेजारच्या युट्रिकल आणि सॅक्युल या दोन पिशव्या सरळ रेषेतली गती व गुरुत्वाकर्षण ओळखतात. त्यांच्यातील चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. डोके ज्या बाजूला वळते त्याच्या उलट डोळे फिरवण्याचे कामही याच यंत्रणेचे. सीताबर्डीच्या गर्दीत चालता चालता दुकानाची पाटी वाचता येते ती त्यामुळेच. कानात गार किंवा कोमट पाणी सोडले की डोळे ठरावीक दिशेने झटके देतात, हे रॉबर्ट बारानी यांनी उलगडून दाखवले. त्यांना १९१४चे वैद्यकातील नोबेल मिळाले.

गरगरण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे हेच स्फटिक सुटून नलिकेत, बहुतेकदा मागच्या नलिकेत, शिरणे. लक्षण ठरलेले असते : पलंगावर कूस बदलली, माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली, की खोली फिरते, मळमळते आणि मिनिटाच्या आत थांबते. ऐकू येण्यात फरक पडत नाही. निदानाला स्कॅन लागत नाही. रुग्णाला मान वळवून झटकन आडवे करतात आणि डोळ्यांचे झटके पाहतात. डिक्स आणि हॉलपाइक यांनी ही तपासणी १९५२ मध्ये मांडली. उपचारही तिथेच होतो. डोके दोषी कानाकडे ४५ अंश वळवून मागे झुकते निजवायचे, अर्धे-एक मिनिट थांबायचे, मग डोके ९० अंश दुसरीकडे, मग तसेच कुशीवर वळून नाक जमिनीकडे, आणि शेवटी उठून बसायचे. स्फटिक घरंगळत मूळ जागी परततात. एप्ली यांच्या नावाने ओळखली जाणारी ही कृती नागपुरातील मेयो आणि मेडिकल ही सरकारी रुग्णालये, मिहानचे एम्स किंवा धंतोली-रामदासपेठेतले कान-नाक-घसा तज्ज्ञ काही मिनिटांत करू शकतात. गळ्यात पट्टा बांधून महिनोन्‌महिने फिरणाऱ्यांपैकी अनेकांना खरी गरज एवढ्याचीच असते.

तोलाची खबर मेंदूला नेणाऱ्या तंत्रिकेला सूज आली तर गरगरणे काही दिवस सलग टिकते. मेनिएर विकारात ते २० मिनिटांपासून काही तास चालते, सोबत कानात आवाज, दडा आणि कमी ऐकू येणे. अर्धशिशीनेही चक्कर येते, कधी डोके न दुखताही. क्षयरोगावर दिले जाणारे स्ट्रेप्टोमायसिन दोन्ही कानांची यंत्रणा दुबळी करू शकते; मग गरगरत नाही, पण अंधारात पाय डगमगतात.

उन्हाला दोष देणे अगदीच चुकीचे नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो, घामावाटे पाणी व मीठ जाते, त्यात रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्या की उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला तर कारण हेच. पन्हे, ताक, दुपट्टा यांचा इथे उपयोग होतो; खिशातल्या कांद्याचा नाही. रक्तक्षयातही असेच हलके वाटते, आणि विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच असल्याने तेही पाहावे लागते. या प्रकारात जग फिरत नाही, माणूस गळून जातो.

बोलणे जड होणे, एकाचे दोन दिसणे, एका बाजूची शक्ती जाणे, आधाराशिवाय उभेही न राहता येणे, यांपैकी काही चक्करेसोबत अचानक आले तर तो मेंदूचा झटका (स्ट्रोक) असू शकतो. तो रक्ताच्या गुठळीने आला असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते.

चक्करेच्या गोळ्या पहिले दोन-तीन दिवस ठीक. पुढे त्या चालू ठेवल्या तर मेंदूचे जुळवून घेणे लांबते. त्याऐवजी व्यायाम देतात : हात लांब करून अंगठ्यावर नजर ठेवायची आणि मान डावी-उजवी हलवायची, आधी बसून, मग उभ्याने, मग चालताना.