फी एका हाताने, विद्यावेतन दुसऱ्या हाताने: पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणातल्या वादाची पार्श्वभूमी

खासगी वैद्यकीय महाविद्यालयात एमडी किंवा एमएस करणारा निवासी डॉक्टर एका हाताने फी भरतो आणि दुसऱ्या हाताने विद्यावेतन घेतो, निदान कागदावर तरी. फीचे खटले एका वाटेने गेले, विद्यावेतनाचे दुसऱ्या. पण दोन्ही रकमा संस्थेच्या एकाच ताळेबंदात असतात, आणि ही गोष्ट लक्षात घेतली नाही तर या वादातलं काहीच कळत नाही.

सुरुवातीला भांडण विद्यावेतनाचंच होतं. केईएम, जेजे, नायर अशा सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत हाऊसमन आणि रजिस्ट्रार, म्हणजे तेव्हाचे निवासी डॉक्टर, राबायचे. फी नाममात्र असायची, त्यामुळे तिच्यावरून कोर्टात जायचं कारण नव्हतं. प्रश्न होता तो महिन्याला हातात किती पडतात आणि सलग किती तास उभं राहायचं, याचा. केंद्राच्या 1992 च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग ड्युटी साधारणपणे 12 तासांच्या आणि आठवड्याची ड्युटी 48 तासांच्या वर जाऊ नये, असं लिहिलेलं आहे. आज कुठल्याही मेडिसिनच्या किंवा सर्जरीच्या वॉर्डात जाऊन हे वाचून दाखवा, लोक हसतील. इमर्जन्सीची रात्र काढून सकाळी राऊंडला उभं राहायचं, दुपारी ओपीडी संपवायची आणि मग डिस्चार्ज कार्डं लिहायला बसायचं, हा पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरचा नेहमीचा दिवस.

फी हा वादाचा विषय झाला तो 1983 नंतर. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना दार उघडून दिलं. 1984 मध्ये लोणी आणि कराडला वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली, पुढे रांगच लागली. ग्रामीण भागात डॉक्टर तयार होऊ लागले हे खरं, आणि ‘डोनेशन’ हा शब्द घराघरात पोचला हेही खरं. कॅपिटेशन फीला, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या फीवर उकळल्या जाणाऱ्या रकमेला, बंदी घालणारा कायदा राज्याने 1987 मध्ये केला. बंदी आली आणि डोनेशन पावतीशिवाय चालू राहिलं.

कोर्टातली मोठी लढाई शेजारच्या कर्नाटकातून सुरू झाली. तिथल्या एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयात सरकारी जागेची वार्षिक फी 2 हजार रुपये, तर परराज्यातल्या विद्यार्थ्यासाठी 60 हजार होती. मोहिनी जैन खटल्यात 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याला कॅपिटेशन फी ठरवलं आणि शिक्षण हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं म्हटलं. वर्षभरात उन्नीकृष्णन निकालाने त्या भूमिकेला मुरड घातली आणि निम्म्या जागा ‘फ्री’, निम्म्या ‘पेमेंट’ अशी योजना आखून दिली. पेमेंटवाल्याने फ्रीवाल्याचा भार उचलायचा. गंमत अशी, की फ्री जागा गुणवत्तेवर मिळायच्या, आणि गुणवत्ता यादीत वर असायची ती बहुतेक शहरातली, क्लास लावू शकणारी मुलं. कर्ज काढून शिकणाऱ्याने त्यांची फी भरायची, असा उलटा हिशेब अनेकदा व्हायचा. ही योजना 2002 मध्ये अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने टीएमए पै निकालात मोडीत काढली. संस्थेला फी ठरवायची मुभा आहे, वाजवी शिल्लक ठेवायलाही हरकत नाही, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन चालणार नाही, असं पीठाने सांगितलं.

वाजवी म्हणजे किती? याच प्रश्नावर पुढची दोन दशकं गेली.

इस्लामिक अकॅडमी निकालाने 2003 मध्ये प्रत्येक राज्यात निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली शुल्क समिती नेमायला सांगितलं. महाराष्ट्रात ‘शिक्षण शुल्क समिती’ आली ती त्यातूनच. 2005 चा पी. ए. इनामदार खटला तर महाराष्ट्राचाच; त्यात सात न्यायमूर्तींनी या समित्या कायदा होईपर्यंत कायम ठेवल्या आणि अनिवासी भारतीयांसाठी 15 टक्क्यांपर्यंत जागांना परवानगी दिली. राज्याला तसा कायदा करायला 2015 साल उजाडलं. त्या कायद्याने प्रवेश परीक्षा घेणारा सीईटी सेल आणि फी ठरवून देणारं शुल्क नियामक प्राधिकरण आलं. अभिमत (डीम्ड) विद्यापीठं मात्र त्या कक्षेबाहेर राहिली, आणि राज्यातल्या पदव्युत्तर जागांचा मोठा हिस्सा तिथेच आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने फेब्रुवारी 2022 मध्ये खासगी महाविद्यालयं आणि अभिमत विद्यापीठांतल्या निम्म्या जागांची फी त्या राज्यातल्या सरकारी महाविद्यालयाइतकी असावी, अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. संस्था त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या.

आता तो ताळेबंद. संस्था प्राधिकरणापुढे प्रस्ताव ठेवते तेव्हा त्यात प्राध्यापकांचे पगार, इमारतीचा घसारा, प्रयोगशाळा, वाचनालय असे खर्च दाखवते. रुग्णालयाच्या तोट्यातला किती भाग विद्यार्थ्यांच्या माथी मारायचा, हा यातला जुना वादाचा मुद्दा. विद्यावेतन हाही खर्चाचाच रकाना. त्यामुळे संस्थाचालक अगदी उघडपणे सांगतात, की विद्यावेतन वाढवायचं तर फी वाढवून द्या. निवासी डॉक्टर रुग्णालयात काम करतो, त्याच्या कामावर रुग्णालय बिलं फाडतं, आणि त्याचा मोबदला मात्र त्याच्या किंवा त्याच्या वर्गमित्राच्या फीतून निघतो. सरकारी रुग्णालयात हा प्रश्न येत नाही, कारण तिथे पैसे तिजोरीतून येतात. तिथला झगडा निराळा. मार्डने, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या राज्यातल्या संघटनेने, संपाची हाक दिली की निवासी डॉक्टर अत्यावश्यक सेवेतले ठरतात आणि मेस्माची, म्हणजे अशा सेवेतला संप मोडणाऱ्या कायद्याची, भाषा सुरू होते. पैशांचा विषय निघाला की तेच डॉक्टर विद्यार्थी होतात. फेब्रुवारी 2024 मध्ये संपानंतर राज्याने विद्यावेतन महिन्याला 10 हजारांनी वाढवलं, तेही असंच ताणून.

कोविडच्या काळातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. अभ्यास बंद, शस्त्रक्रिया बंद, सगळे कोविड वॉर्डात; मग त्या काळाची फी कशाची, असा मार्डचा सवाल होता आणि तो रास्तही होता. 2021 मध्ये सरकारने फी माफ केली नाही, प्रत्येकी 1 लाख 21 हजार रुपये दिले. रक्कम हाती आली, पण शिकवलं नाही तर फी घ्यावी का, हा प्रश्न तसाच गुंडाळून ठेवला गेला.

खासगी महाविद्यालयांच्या बाबतीत नियम बरीच वर्षं स्पष्ट आहे. आयोगाच्या आधीच्या वैद्यक परिषदेच्या 2000 च्या पदव्युत्तर नियमावलीत आणि तिच्या नंतरच्या दुरुस्त्यांत त्या राज्यातल्या सरकारी महाविद्यालयाइतकं विद्यावेतन द्यायला सांगितलं होतं. पाळतो कोण? आयोगाने 2023 मध्ये ऑनलाइन पाहणी केली. त्यात 7,901 विद्यार्थ्यांच्या उत्तरांपैकी 2,110 जणांनी विद्यावेतन मिळतच नाही असं सांगितलं, 4,288 जणांनी सरकारी दरापेक्षा कमी मिळतं असं सांगितलं, आणि 1,228 जणांनी दिलेलं विद्यावेतन संस्था परत घेते असं नोंदवलं. हा तिसरा आकडा सगळ्यात बोलका. बँकेच्या नोंदीत पैसे जमा झालेले दिसतात, तपासणीला आलेल्या माणसाला पासबुक दाखवता येतं, आणि दोन दिवसांनी तेवढीच रक्कम काढून रोखीने परत जाते. कोर्टात सिद्ध काय करणार? खातं त्याचं, सही त्याची.

तक्रार का होत नाही, याचं उत्तर पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या तीन वर्षांच्या मुदतीत आहे. तेलंगणा सरकारने 2017 मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय फी भरमसाट वाढवली. उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द करून जादा रक्कम परत करायला सांगितलं ते 2022 मध्ये. 2017 ला प्रवेश घेतलेली मुलं 2020 मध्येच शिकून बाहेर पडली होती. खटला चालू असताना प्रबंधावर गाईडची सही लागते, परीक्षेचा फॉर्म कॉलेजमधूनच जातो, मूळ कागदपत्रं कॉलेजच्या कपाटात असतात. अशा वेळी आपल्याच विभागप्रमुखाच्या संस्थेविरुद्ध याचिका करायला छाती लागते. म्हणून बहुतेक याचिका संघटनांच्या नावाने होतात. शिकून झाल्यावरही सुटका नाही. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून पदव्युत्तर शिक्षण घेऊन बंधपत्रित सेवा, म्हणजे प्रवेश घेताना लिहून दिलेली सरकारी सेवा, टाळली तर 50 लाखांचा दंड आहे, आणि अशा बंधपत्रांना सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये मान्यता दिली आहे.

न्यायालयाने विद्यावेतनाकडे सरळ लक्ष दिलं ते अलीकडे, आणि तेही एमबीबीएसच्या शेवटच्या परीक्षेनंतर सक्तीचं प्रशिक्षण घेणाऱ्या इंटर्नच्या निमित्ताने. दिल्लीच्या आर्मी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसच्या इंटर्नना काहीच मिळत नव्हतं. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना 1 ऑक्टोबरपासून महिन्याला 25 हजार रुपये द्यायला सांगितलं. त्याच प्रकरणातून पुढे देशातली किती महाविद्यालयं विद्यावेतन देतात याचा तक्ता आयोगाकडे मागितला गेला, आणि 2025 मध्ये आयोगाने सगळ्या महाविद्यालयांना फी आणि विद्यावेतन दोन्ही आपापल्या संकेतस्थळावर जाहीर करायला सांगितलं. संकेतस्थळावर आकडा टाकणं सोपं आहे. खात्यात जमा झालेली रक्कम दोन दिवसांनी कुठे जाते, हे त्या तक्त्यात दिसायची सोय अजून कुणी केलेली नाही.