शिखरावरच्या मुलीची वेणी

गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत आला. मांडी घालून, मान पुढे झुकवून बसलेली एक मुलगी. अंगावर तपकिरी वस्त्र, केसांच्या बारीक बारीक वेण्या. खाली मजकूर होता : 'पाचशे वर्षे झोपलेली देवकन्या. दैवी शक्तीमुळे देह जसाच्या तसा. हसत हसत प्राण अर्पण केले.' मावशीने त्याखाली हात जोडले होते. मी तिला लगेच फोन केला. त्या फोनवर जे बोलले तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे, कारण या मुलीबद्दल आपल्याला जे कळलं आहे ते त्या व्हिडिओपेक्षा कितीतरी मोठं आहे.

ही मुलगी सापडली १९९९ साली, अर्जेंटिना आणि चिलीच्या सीमेवरच्या युयाइयाको नावाच्या ज्वालामुखीच्या माथ्याजवळ. उंची ६,७३९ मीटर. योहान राइनहार्ड आणि कॉन्स्टान्झा सेरुती या पुरातत्त्वज्ञांच्या तुकडीला तिथे तीन मुलं पुरलेली आढळली : ही साधारण तेरा वर्षांची मुलगी, सहाएक वर्षांची दुसरी मुलगी आणि चार-पाच वर्षांचा एक मुलगा. तिघंही दक्षिण अमेरिकेतल्या इंका साम्राज्याच्या काळातली. इंकांच्या भाषेत या विधीला 'कापाकोचा' म्हणत. आपल्या भाषेत त्याचं नाव नरबळी.

देह टिकला तो थंडीमुळे. मांस कुजवणाऱ्या जिवाणूंना पाणी आणि ऊब लागते. अटाकामा वाळवंटाच्या कडेला, साडेसहा हजार मीटरच्या वर, जमिनीखाली दीडेक मीटरवर ना ऊब ना वाहतं पाणी. डीप फ्रीझरमध्ये ठेवलेल्या वस्तूला कुणी दैवी म्हणत नाही, आणि इथे घडलं ते तेच. पण थंडीने फक्त चेहरा जपला असता तर मी हा लेख लिहिला नसता. थंडीने तिचे केस जपले, आणि केस ही रोजनिशी असते.

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. मुळाशी नवा भाग तयार होतो, जुना पुढे ढकलला जातो. एकदा बाहेर आलेल्या केसात रक्त फिरत नाही, त्यामुळे त्या महिन्यात शरीराने जे घेतलं त्याची खूण त्या सेंटिमीटरात तशीच राहते. या मुलीचे केस सुमारे २८ सेंटिमीटर होते. म्हणजे मरणाआधीच्या दोन वर्षांहून अधिक काळाची नोंद, महिन्यामहिन्याची. ब्रॅडफर्ड विद्यापीठातल्या अँड्र्यू विल्सन आणि सहकाऱ्यांनी ती वाचली आणि २००७ व २०१३ मध्ये प्रसिद्ध केली.

ती वाचतात कशी, हा माझा सगळ्यात लाडका भाग आहे. थोडा धीर धरा.

निसर्गातला बहुतेक कार्बन 'कार्बन-१२' असतो. शंभरात जेमतेम एक अणू 'कार्बन-१३' म्हणजे किंचित जड. दोन्ही टिकाऊ, रासायनिक वागणूकही जवळजवळ सारखी. जवळजवळ, पण पूर्ण नाही. वनस्पतीच्या पानात हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं 'रुबिस्को' नावाचं एन्झाइम असतं आणि ते निवडखोर असतं. हलका कार्बन त्याच्या हाताला आधी लागतो. उरलेला जडसर वायू पानाच्या छिद्रांतून परत बाहेर निघून जातो. त्यामुळे तांदूळ, गहू, हरभरा, बटाटा अशा वनस्पतींच्या अंगात जड कार्बन बराच कमी असतो. एका ठरावीक नमुन्याशी तुलना करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या मोजपट्टीवर हा आकडा दर हजारी उणे २६ च्या आसपास येतो. यांना सी-३ वनस्पती म्हणतात.

ज्वारी, बाजरी, नाचणी, ऊस आणि मका यांची रीत निराळी. त्यांच्या पानात आधी दुसरंच एक एन्झाइम कार्बन पकडतं. ते फारसं निवडखोर नाही. त्यातून चार कार्बनचं एक आम्ल बनतं, ते पानाच्या शिरांभोवतीच्या जाड भिंतींच्या पेशींत नेलं जातं आणि तिथे कार्बन डायऑक्साइड पुन्हा मोकळा होतो. रुबिस्को त्या पेशींत बसलेलं असतं. आता खोली बंद आहे, वायूला बाहेर पडायला वाट फारशी नाही. रुबिस्कोला आवडनिवड करून भागत नाही, आत आलेलं जवळजवळ सगळंच वापरावं लागतं. म्हणून या सी-४ वनस्पतींत जड कार्बन जास्त, आकडा उणे १२ च्या आसपास. ही दरी आपल्या जेवणातून आपल्या शरीरात उतरते. रोज ज्वारीची भाकरी खाणाऱ्या सोलापूरकडच्या माणसाचा केस आणि दोन्ही वेळा भात जेवणाऱ्या कोकणातल्या माणसाचा केस यंत्रात ठेवला, तर फरक दिसावा इतकी ती मोठी आहे.

नायट्रोजनचंही असंच. गवत खाणाऱ्या प्राण्यात जड नायट्रोजन गवतापेक्षा जास्त साठतो, त्या प्राण्याचं मांस खाणाऱ्यात आणखी जास्त. अन्नसाखळीच्या दर पायरीला साधारण हजारी तीनने वाढ. म्हणजे कार्बन धान्य सांगतो, नायट्रोजन मांस सांगतो.

आता अँडीज पर्वताकडे पाहा. उंचावर पिकतो बटाटा, तो सी-३. मका पिकतो खालच्या उबदार खोऱ्यांत, तो सी-४. इंका राज्यात मका हे मानाचं धान्य होतं. त्याची 'चिचा' नावाची दारू प्रत्येक मोठ्या विधीला लागे. साध्या कुणब्याच्या ताटात बटाटा रोजचा.

या मुलीच्या केसांच्या टोकाकडचा, म्हणजे जुना भाग बटाट्याकडे झुकतो, मांस कमी. आणि मरणाच्या साधारण वर्षभर आधी एकाएकी दोन्ही आकडे वर चढतात. मका आला, मांस आलं. बारा वर्षांची पोर कुठल्यातरी वस्तीवरून उचलली गेली आणि तिचं ताट बदललं. स्पॅनिश नोंदींत 'अक्याउआसी'चा उल्लेख येतो, म्हणजे निवडलेल्या मुलींचं घर. तिथे मुली राज्यासाठी तलम वस्त्रं विणत, चिचा गाळत. केस त्या नोंदींशी जुळतात.

इतका खटाटोप कशासाठी? पर्वतपूजा इंकांनी शोधलेली नव्हती. अँडीजमधली माणसं त्यांच्या कितीतरी आधीपासून शिखरांना 'आपू', म्हणजे धनी, मानत आली होती. पाणी शिखरावरून येतं, गारपीट तिथूनच, लामा या पाळीव प्राण्यांची बरकतही त्याच्याच हाती. इंकांनी केलं ते वेगळं : प्रत्येक प्रदेशाच्या धन्यापर्यंत जाण्याची वाट आपल्या राजधानीवरून, कुस्कोवरून, वळवून घेतली. मुलं प्रांतांतून राजधानीत न्यायची, तिथे सम्राटासमोर विधी करायचा, मग मिरवत डोंगरावर. त्या दिवसापासून तो डोंगर गावाचा राहिला तरी त्यावरचा हक्क राजाचाही झाला. युयाइयाकोच्या माथ्यावर मुलांसोबत सोन्याचांदीच्या बाहुल्या होत्या, अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या पक्ष्यांची पिसं होती आणि इक्वेडोरच्या उबदार समुद्रातले स्पाँडिलस शिंपले होते. जिथे धड श्वास घेता येत नाही त्या जागी सगळं साम्राज्य नेऊन मांडलं होतं.

उलट दिशेनेही हे चाले. कुस्कोच्या मुख्य चौकातली माती पवित्र म्हणून इतर प्रांतांत नेली जाई आणि तिच्या जागी पॅसिफिकच्या किनाऱ्यावरची वाळू आणून अडीच वितींचा थर दिला होता, असं पोलो दे ओंदेगार्दो या स्पॅनिश अधिकाऱ्याने लिहून ठेवलं आहे. शेकडो किलोमीटर, तेही अँडीजचे चढ, पाठीवर वाळू घेऊन. किनारा आमचा आहे हे सांगायला लिपी नव्हती, तर त्यांनी किनाराच उचलून आणला.

सत्तेचा व्यवहार सगळ्यात उघडा दिसतो तो पेरूमधल्या ओक्रोस गावच्या हकिगतीत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला एका पाद्र्याने ती टिपून ठेवली. काके पोमा नावाच्या स्थानिक माणसाने तांता कार्वा ही आपली दहा वर्षांची मुलगी इंका सम्राटाला अर्पण केली. तिला कुस्कोला नेऊन गौरवलं, परत आणून डोंगरावर जिवंत पुरलं. बापाला काय मिळालं? 'कुराका'पद, म्हणजे त्या भागाची सरदारकी, आणि बसायला मानाचं आसन. पुढे गावकरी दुखण्याखुपण्यात तिला कौल लावत आणि पुजारी बारीक बायकी आवाज काढून तिच्या वतीने उत्तरं देत.

इथे मला मावशीच्या हात जोडण्याबद्दल बोललंच पाहिजे. आपल्याकडे पुलाच्या पायात बळी दिल्याशिवाय खांब उभा राहत नाही, ही भाकडकथा मी लहानपणी खरी मानून रात्र रात्र घाबरले आहे. गुप्तधनासाठी मुलं मारल्याच्या बातम्या अजून येतात. महाराष्ट्राला २०१३ मध्ये नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला तो उगाच नाही. मारलेल्या पोरीला 'देवकन्या' म्हणून पुढे पाठवणं मला निरुपद्रवी वाटत नाही. ओक्रोसच्या बापालाही तोच शब्द सोयीचा होता.

आणि 'हसत हसत'? त्याचं उत्तरही केसांत आहे. कोका नावाच्या झुडपाची पानं चघळली की त्यातलं कोकेन आणि शरीरात त्याचं होणारं रूपांतर केसात उतरतं. कोका आणि दारू एकत्र घेतली तर यकृतात कोकाएथिलीन नावाचं तिसरंच रसायन बनतं, तेही उतरतं. या मुलीच्या केसात मरणाच्या वर्षभर आधी कोका वाढतो आणि सहा महिने आधी शिगेला पोचतो. दारू सगळ्यात जास्त दिसते ती टाळूलगतच्या शेवटच्या दोनेक सेंटिमीटरांत, म्हणजे अखेरच्या काही आठवड्यांत. लहान दोघांच्या केसांत दोन्हींचं प्रमाण बरंच कमी आहे. त्यातल्या मुलाच्या अंगाभोवती दोर आवळलेला होता.

आज ही तिघं अर्जेंटिनातल्या साल्ता शहराच्या संग्रहालयात उणे २० अंशांच्या आसपास ठेवलेली आहेत. एका वेळी एकालाच लोकांसमोर आणतात. तिथल्या काही आदिवासी संघटनांचा त्यालाही विरोध आहे, आणि मला तो पटतो. मोठ्या मुलीचा सीटी स्कॅन केला तेव्हा अंगावर मारहाणीची खूण कुठेच नव्हती. तोंडात, दातांच्या मध्ये, अर्धवट चघळलेल्या कोकाच्या पानांचा गोळा होता.