'जेवलो' आणि 'जेवलोय': इंग्रजीत 'हॅव' कधी लावायचं?

दुपारी कुणाकडे गेलं आणि त्यांनी ताट मांडायला घेतलं, की आपण म्हणतो, "नको काकू, मी जेवलोय." नुसतं "जेवलो" नाही म्हणत. जेवण मघाशीच झालं, पण पोट आत्ता भरलेलं आहे आणि सांगायचंय ते पोटाबद्दल. इंग्रजीत हेच 'आय हॅव ईटन'. "काल कुठे जेवलास?" "मामाकडे जेवलो." ही झालेली हकीकत, म्हणून 'आय एट ॲट माय अंकल्स'.

म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ आणि साधा भूतकाळ यांतला फरक आपल्या कानाला आधीपासून कळतो. बारा काळांचा तक्ता घोकण्याआधी या कानावर विश्वास ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

मग चुकतं कुठे? मराठी इथे सैल आहे. "मी त्याला कालच पैसे दिलेत" हे आपल्याकडे खुशाल चालतं. 'आय हॅव गिव्हन हिम द मनी यस्टरडे' मात्र चालत नाही. 'यस्टरडे', 'लास्ट वीक', 'इन 2019', 'टू डेज अगो' अशी संपलेली वेळ वाक्यात आली की 'हॅव' गेलंच: 'आय गेव्ह हिम द मनी यस्टरडे'. 'धिस मॉर्निंग'चं तर घड्याळ बघावं लागतं. सकाळ चालू असेल तर 'आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग'. तेच संध्याकाळी सांगताना 'आय हॅड'.

दुसरी अडचण 'पासून'ची. "2015पासून नाशकात राहतोय" यात मराठीत वर्तमानकाळ आहे, म्हणून तोंडात 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स 2015' येतं. हवं 'आय हॅव लिव्ड हिअर सिन्स 2015'. आणि 'आय लिव्ड इन नाशिक फॉर टेन इयर्स' म्हणालात, तर ऐकणारा समजेल की तुम्ही नाशिक सोडलंत.

सरावाला इंग्रजी वर्तमानपत्र घ्या. पहिल्या वाक्यात ताजी बातमी असते: 'द मिनिस्टर हॅज रिझाइन्ड'. तपशील सुरू झाला की काळ बदलतो: 'ही सेंट इन हिज लेटर ऑन मंडे'. रोज एका बातमीत दोन्ही प्रकारची क्रियापदं दोन रंगांनी अधोरेखित करा आणि काळ नेमका कुठल्या शब्दापाशी बदलला ते शोधा.

अमेरिकन मालिकांत 'डिड यू ईट येट?' ऐकू येईल. तिकडच्या बोलण्यात ते बरोबरच आहे. ब्रिटिश वळणाने 'हॅव यू ईटन येट?' म्हणतात.