पाचशे मीटरच्या नियमामागे

गावाच्या पिण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. हा नियम महाराष्ट्रातल्या 1993 च्या भूजल कायद्याने आणला. पण तो का लागला, हे पाहायला आणखी 111 वर्षे मागे जावे लागते.

1882 च्या सुविधाधिकार कायद्यानुसार जमीन ज्याची, तिच्याखाली मुरलेले पाणी उपसण्याचा हक्कही त्याचाच. मोटेच्या काळात हे खपून गेले. बैल किती फेऱ्या मारणार, त्यावरच उपशाची मर्यादा ठरत होती. विजेची मोटार आली तशी ती मर्यादा गेली. शिवाय राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा. त्यात पाणी साठते ते मुरमात आणि भेगांत. शेजारच्या गटात खोल बोअर पडला की त्याच भेगेचे पाणी तिकडे ओढले जाते आणि गावची विहीर उन्हाळ्याआधीच तळ दाखवते. सातबाऱ्यावर गट वेगळे असले, तरी पाणी एकच असते. जुन्या कायद्याला नेमके हेच दिसत नव्हते.

1972 च्या दुष्काळाने हा प्रश्न उघड्यावर आणला. त्याच सुमारास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. तिने राज्याची विभागणी सुमारे दीड हजार पाणलोटांत, म्हणजे पावसाचे पाणी एकाच दिशेने वाहून एकत्र येते अशा क्षेत्रांत, केली आणि कुठे किती पाणी मुरते, किती उपसले जाते, याचा हिशेब सुरू झाला. माझ्या मते पुढच्या साऱ्या नियमांचा पाया हाच आहे. तालुका किंवा गावाची शीव न धरता पाण्याची शीव धरून विचार करण्याची सवय सरकारी कामकाजाला इथे लागली.

1993 चा कायदा याच पायावर उभा आहे. त्याच्या नावातच पिण्याच्या पाण्याचे प्रयोजन आहे. 500 मीटरची अटही पिण्याच्या विहिरीच्याच पाणलोटातल्या विहिरींना लागू होती. टंचाई जाहीर झाल्यावर स्रोतापासून एक किलोमीटरच्या आतल्या विहिरींच्या उपशावर जिल्हाधिकाऱ्यांना निर्बंध घालता येत. वार्षिक पुनर्भरणाच्या, म्हणजे वर्षभरात जमिनीत मुरणाऱ्या पाण्याच्या, 85 टक्क्यांहून अधिक उपसा होणारे पाणलोट ‘अतिशोषित’ ठरवून तिथे नव्या विहिरी रोखण्याची तरतूदही होती.

कागदावर हे भक्कम होते. उणीव होती ती वेळेची. उपशावर हात घालायचा तर आधी टंचाई जाहीर व्हायला हवी, आणि ती जाहीर होईपर्यंत बायकांच्या डोक्यावर हंडे आलेले असत. ऊस, केळी, संत्र्याच्या पट्ट्यांत उभ्या बागेचे पाणी तोडणे कोणत्याही अधिकाऱ्याला सोपे नव्हते, आणि त्या शेतकऱ्याचे नुकसानही खरेच होते. म्हणून भांडण पेटण्याआधीच, पाऊसकाळ संपताच पाण्याचा हिशेब मांडायला हवा होता.

नवा भूजल कायदा विधिमंडळात 2009 चा, राष्ट्रपतींची संमती 2013 ची आणि अंमल 2014 पासून. त्यात पाणलोट पातळीवर समित्या आल्या. अधिसूचित, म्हणजे सरकारने या कायद्याखाली जाहीर केलेल्या, क्षेत्रात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आली. पुनर्भरणाच्या जागा जपण्याचा विचारही आला. 2018 मध्ये नियमांचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा शेतकऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर हरकती घेतल्या. 500 मीटरची अट मात्र नव्या कायद्यातही कायम राहिली.